मैदानावरील ऊन आणि गोरी त्वचा

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचा वृत्तांत या अंकात अन्यत्र आलेला आहे. कोणत्या गटाने किती गुण मिळविले आणि कोणाला ढाल लाभली, हे वाचकांस तेथे वाचावयास मिळेल. मला येथे सांगावयाचे आहे ते एका निराळ्या ढालीविषयी. ती चांदीची नसते, कपाटात मिरवावयाची नसते, आणि ती जवळ नसल्यामुळे आमच्या एका विद्यार्थ्यास दोन वर्षांपूर्वी जे सोसावे लागले, त्याचा दोष बऱ्याच अंशी माझ्याकडे जातो.

डिसेंबर महिना होता. सकाळचे वारे गार वाहत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी निवडलेली मुले नऊ वाजल्यापासून मैदानावर होती आणि वेळ मोजण्याचे काम माझ्याकडे होते. त्या मुलांत एक विद्यार्थी अतिशय गोरा, पिंगट केसांचा, घाऱ्या डोळ्यांचा, गालांवर तपकिरी ठिपके असलेला असा होता. अंगात बिनबाह्यांचे बनियन आणि अर्धी चड्डी घालून तो दीड वाजेपर्यंत धावत, बसत, पुन्हा धावत होता. बाराच्या सुमारास त्याची मान आणि खांदे तांबडे झालेले मला दिसले. मी हसून म्हणालो, “गोरा माणूस उन्हात तांबडा व्हायचाच! घटकाभर सावलीत बस, उतरेल.” तो बसला, आणि पुन्हा धावावयास गेला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई भेटावयास आली. त्याच्या खांद्यांवर फोड आले होते, रात्री ताप भरला होता, आणि अंगावर सदरा ठेववत नव्हता. उन्हाने कातडी भाजली आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आठवड्याने तो वर्गात आला तेव्हा मानेवरच्या कातडीचे पापुद्रे निघत होते. मधल्या सुट्टीत तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, “सर, घरी सगळे म्हणतात, यापुढे मैदान बंद. मी आता धावू नको का?”

मला उत्तर देता आले नाही. धावणे हीच त्या मुलाची आवड. वर्गात मागे बसणारा हा मुलगा मैदानावर मात्र सर्वांच्या पुढे असे. कातडीच्या रंगामुळे त्याने ते सोडावे, हे मनाला पटेना. आणि पुन्हा भाजून घ्यावे असेही म्हणता येईना. भाषा शिकविणाऱ्या माणसाला शास्त्राचे ज्ञान बेताचेच असते. तरी डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून आणि नंतर आणखी दोन चुका करून जे समजले, ते येथे देत आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना आणि तुमच्या घरच्या मंडळींना त्याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

माझी पहिली चूक अशी की, ऊन म्हणजे उष्णता असे मी समजत होतो. हवा गार आहे, तेव्हा ऊन सौम्य आहे, असा माझा हिशेब होता. तो साफ खोटा ठरला. सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणाऱ्या सात रंगांच्या दोन्ही बाजूंना न दिसणारे किरण असतात. तांबड्या रंगापलीकडचे किरण विल्यम हर्शेल यांना १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने सापडले. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. पुढच्याच वर्षी, १८०१ साली, योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाकडे शोध घेतला. प्रकाशाने काळे पडणारे चांदीचे क्लोराइड त्यांनी जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी ठेवले. आणि ते तेथे अधिकच त्वरेने काळे पडले. हेच अतिनील किरण. जुन्या पुस्तकांत त्यांना जंबुपार किरण असेही म्हटलेले आढळते. कातडी भाजते ती यांच्यामुळे. ते दिसत नाहीत, आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. म्हणूनच गार वाऱ्याच्या दिवशी माणूस अधिक फसतो. अंग तापत नाही, म्हणून तो सावलीकडे वळत नाही.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ‘ऊन लागले’ असे म्हणतो, तेव्हा शरीराचे तापमान वाढून घेरी येणे, वांती होणे असा प्रकार मनात असतो. तो उष्णतेचा परिणाम होय. कातडी भाजणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. पहिल्यावर पाणी, मीठ-साखर आणि गारवा हे उपाय. दुसऱ्यापासून बचाव करावयाचा तर किरणच अडवावे लागतात.

अतिनील किरणांचे तीन प्रकार मानतात. २८० नॅनोमीटरहून आखूड लांबीचे ते ‘सी’, २८० ते ३१५ पर्यंतचे ‘बी’ आणि ३१५ ते ४०० पर्यंतचे ‘ए’. यांतील ‘सी’ किरण वातावरणातच, विशेषतः ओझोन वायूच्या थरात, पूर्णपणे शोषले जातात. ‘बी’ किरणांचा सुमारे नऊदशांश भागही तसाच वर अडतो. परंतु जो उरतो तोच कातडी लाल करून फोड आणणारा होय. ‘ए’ किरण बहुतांशी जमिनीपर्यंत पोहोचतात, कातडीत अधिक खोल शिरतात, आणि अकाली सुरकुत्या आणतात. साधी खिडकीची काच ‘बी’ किरणांना बरीचशी अडविते, ‘ए’ किरणांना मात्र पुष्कळ वाट देते. कातडीच्या कर्करोगाला दोन्ही प्रकार हातभार लावतात.

आता एकाच मैदानावर, एकाच उन्हात, एक मुलगा भाजतो आणि शेजारचा भाजत नाही, असे का व्हावे? आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. नवलाची गोष्ट अशी की, गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणते मेलॅनिन तयार करतात यात. तपकिरी-काळे मेलॅनिन अतिनील किरण शोषून पेशींच्या केंद्रकावर जणू छत्री धरते. तांबूस-पिवळे मेलॅनिन हे काम नीट करीत नाही. पिंगट किंवा तांबूस केसांच्या, ठिपकेदार गालांच्या माणसांत हे दुसरे मेलॅनिन अधिक असते. म्हणून ती उन्हात काळवंडत नाहीत, थेट भाजतात. हार्वर्ड येथील त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली याच कसोटीवर, म्हणजे ‘भाजते की रापते’ या प्रश्नावर, त्वचेचे वर्ग पाडले. पुढे त्यात भर पडून सहा वर्ग झाले. पहिला वर्ग नेहमी भाजणारा आणि कधी न रापणारा. सहावा गडद वर्णाचा, क्वचितच भाजणारा. आपल्याकडील बहुतेक माणसे मधल्या आणि पुढच्या वर्गांत येतात. परंतु एखाद्या घरी, एखाद्या वर्गात, पहिल्या-दुसऱ्या वर्गातले मूल असतेच; आणि त्याच्या भोवतालच्या कोणाला तसा त्रास होत नसल्यामुळे त्याची काळजी कोणाला सुचत नाही. माझे तेच झाले.

आपल्या समाजात गोऱ्या रंगाचे कौतुक फार. लग्नाच्या बोलण्यांपासून बाळाच्या बारशापर्यंत ते ऐकू येते. या कौतुकाची दुसरी बाजू अशी की, उन्हापुढे हीच कातडी सर्वांत दुबळी. सावळा रंग हे न्यून नव्हे. ते निसर्गाने दिलेले कवच आहे. गोरेपणा हीही मिरवण्याची गोष्ट नव्हे; ज्याच्यापाशी ते कवच पातळ आहे त्याने दुसरे मिळवावयाचे, एवढाच त्याचा अर्थ.

हे कवच केव्हा लागते, ते ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीहून आखूड असेल, तर अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे. गोव्याचे अक्षांश सुमारे साडेपंधरा उत्तर. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आरंभी आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात, मध्यान्ही सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली जाते. परंतु २२ डिसेंबरच्या सुमारास, सूर्य सर्वांत दक्षिणेकडे असतानाही, आपली मध्यान्हीची सावली आपल्यापेक्षा आखूडच असते. कोणीही एक काठी रोवून हे पडताळून पाहावे. आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तोही घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या आसपास. तेव्हा सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ जपण्याची. आम्ही त्या मुलास नेमके त्याच वेळी धावावयास लावले होते.

ही तीव्रता आकड्यांत सांगण्यासाठी ‘अतिनील निर्देशांक’ वापरतात. तो प्रथम कॅनडात १९९२ साली प्रचारात आला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारला. निर्देशांक ३ झाला की रक्षणाची गरज सुरू होते, ८ च्या पुढे धोका फार मोठा, आणि ११ व त्यापुढे तो आत्यंतिक मानतात. आता हवामानाच्या अंदाजात मोबाइलवरही तो पाहावयास मिळतो. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी तो ११ च्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. विरळ ढगांतून हे किरण बरेचसे पार होतात, तेव्हा मळभावर विसंबू नये. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसलेला माणूसही भाजू शकतो. पाण्यात अर्धा मीटर खोलवरही किरणांचा सुमारे ४० टक्के जोर टिकतो. पोहणाऱ्यास गार वाटते, पण पाठ भाजतच असते. डोंगरावर चढताना दर हजार मीटरला तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाजणे तत्काळ कळत नाही. कातडी लाल होण्यास काही तास लागतात आणि दाह साधारणतः बारा ते चोवीस तासांत कळसास पोहोचतो. दुपारी मान तांबडी दिसू लागली, याचा अर्थ भाजण्याचे काम सकाळीच सुरू झाले होते. ‘घटकाभर सावलीत बस’ हा माझा सल्ला म्हणूनच निरुपयोगी होता. त्या मुलाने त्याच क्षणी मैदान सोडून अंग झाकावयास हवे होते.

एवढे समजल्यावर मी त्या मुलाच्या पालकांना सुचविले की, ऊनरोधक मलम, ज्याला सर्वत्र सनस्क्रीन म्हणतात, ते आणावे. येथे दुसरी चूक झाली. घरच्यांनी दुकानातून जी डबी आणली ती गोरेपणा देण्याचे आश्वासन देणाऱ्या मलमाची होती. डबीवर सूर्याचे चित्र होते, पण किरण किती अडतात याचा कोठेही आकडा नव्हता. जो मुलगा मुळातच गोरा, त्याला गोरे करण्याचे मलम! आम्ही दोघेही हसलो, परंतु ही भूल पुष्कळांची होते. उजळपणाचे मलम आणि ऊनरोधक मलम या भिन्न वस्तू आहेत. घटक न छापलेली काही उजळपणाची मलमे तर अपायकारक असतात. त्यांत पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. हळद, चंदन, मुलतानी माती, खोबरेल तेल यांचे इतर उपयोग असतील ते असोत; गोऱ्या कातडीला मैदानावर पुरेल इतके रक्षण त्यांतून मिळत नाही.

मग खरे मलम ओळखावे कसे? वेष्टनावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट ‘एसपीएफ’ हा आकडा. आल्प्स पर्वतातील पित्स बुईन या शिखरावर चढताना १९३८ साली फ्रान्त्स ग्राइटर नावाचा एक ऑस्ट्रियन विद्यार्थी उन्हाने फार भाजला आणि त्यातून त्याला अशा मलमाची कल्पना सुचली, असे सांगतात. ही संरक्षण-मापनाची पद्धत पुढे १९७० नंतरच्या दशकात ग्राइटर यांनीच लोकांत रूढ केली. आकड्याचा अर्थ असा: मलम न लावता कातडी लाल होण्यास जेवढे किरण लागतात, त्याच्या कितीपट किरण मलम लावल्यावर लागतात. १५ आकड्याचे मलम भाजणाऱ्या किरणांचा पंधरावा हिस्सा आत सोडते, म्हणजे सुमारे ९३ टक्के अडविते. ३० चे सुमारे ९७ टक्के. ५० चे सुमारे ९८ टक्के. यावरून दिसून येईल की, ३० च्या पुढे आकडा वाढला तरी लाभ थोडाथोडाच वाढतो. फार गोऱ्या त्वचेने ५० घ्यावे हे उत्तम. पण ५० घेतले म्हणून दिवसभर निर्धास्त, असे मुळीच नव्हे.

दुसरी गोष्ट ‘ए’ किरणांपासून रक्षण. एसपीएफचा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांचाच हिशेब सांगतो. म्हणून वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे शब्द, किंवा ‘पीए’ या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे आहेत का, ते पाहावे. ही पीएची पद्धत जपानमधून आलेली आहे. चिन्हे जितकी जास्त, चारपर्यंत, तितके ‘ए’ किरणांपासून रक्षण अधिक.

तिसरी गोष्ट घामात व पाण्यात टिकण्याची. ‘वॉटर रेझिस्टंट’ असे लिहून बहुधा ४० किंवा ८० मिनिटे असा अवधी दिलेला असतो. खेळाडूने हे शब्द नसलेले मलम घेऊच नये. पाण्याने कधीच न जाणारे मलम जगात नाही. घाम पुसला, टॉवेलने अंग कोरडे केले, की तेही पुसले जाते. मुदत उलटून गेलेली किंवा उन्हात तापलेल्या दप्तरात पडून राहिलेली ट्यूब वापरू नये, हे वेगळे सांगावयास नको.

मलमात किरण अडविणारी द्रव्ये दोन जातींची असतात. एक जस्ताचे ऑक्साइड आणि टायटॅनियम डायॉक्साइड ही खनिज द्रव्ये. जुन्या क्रिकेट सामन्यांच्या चित्रांत खेळाडूंच्या नाकावर आणि ओठांवर दिसणारा पांढरा लेप तो हाच, जस्ताचा. ही द्रव्ये आरशाप्रमाणे किरण परतवितात असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तीही बहुतेक किरण शोषूनच घेतात. दुसरी जात निरनिराळ्या सेंद्रिय रसायनांची. ती अंगावर पांढरी दिसत नाहीत, पण काहींच्या डोळ्यांना किंवा नाजूक कातडीला झोंबतात. ज्याची कातडी चटकन चिडते त्याने खनिज द्रव्यांचे मलम निवडावे, आणि कोणतेही नवे मलम प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे.

योग्य मलम आले, आणि आमची तिसरी चूक झाली. सरावाच्या दिवशी मुलाने करंगळीच्या टोकावर मावेल एवढे मलम घेऊन तोंडाला पुसले आणि तो धावला. संध्याकाळी नाक, कान आणि मानेचा मागचा भाग पुन्हा लाल! मलम खोटे, असे त्याच्या घरी सर्वांना वाटले. मलम खोटे नव्हते. माप खोटे होते. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावलेले असते. माणसे प्रत्यक्षात त्याच्या निम्मे किंवा पावच लावतात, आणि रक्षण त्या मानाने, कधी त्याहूनही अधिक, घटते. मग वेष्टनावरचा आकडा केवळ वेष्टनावरच राहतो.

योग्य माप ध्यानात ठेवण्यास सोपे आहे. चेहरा, कान आणि मान मिळून चहाचा एक चमचा. प्रत्येक हातास एक. प्रत्येक पायास एक. छाती-पोटास एक आणि पाठीस एक. हे प्रौढ माणसाचे माप झाले. उन्हात जाण्यापूर्वी वीस मिनिटे ते लावावे, आणि दर दोन तासांनी, तसेच पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर, पुन्हा लावावे. कान, मानेची मागील बाजू, पायांचे वरचे भाग आणि केसांचा भांग ही विसरण्याची ठिकाणे.

आता गणिताचा थोडा हिशेब करू या. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला, तर अर्धी चड्डी आणि अर्ध्या बाह्या घातलेल्या खेळाडूस चेहरा, दोन हात, दोन पाय मिळून पाच चमचे, म्हणजे २५ मिलिलिटर मलम एका वेळी लागेल. बाजारात नित्य मिळणारी ५० मिलिलिटरची ट्यूब दोन वेळांत, म्हणजे एकाच सकाळी, संपेल. कोणत्या सामान्य घराला हे परवडावे? तोच खेळाडू पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा सदरा, लांब पायजमा आणि रुंद काठाची टोपी घालील, तर उघडे राहतील फक्त चेहरा, मान आणि हातांचे पंजे. त्यांना दीड चमचा पुरेल, आणि तीच ट्यूब सहा वेळा पुरून उरेल. या हिशेबाने माझे डोळे उघडले. मलम ही पहिली ढाल नव्हेच. पहिली ढाल वेळ, दुसरी सावली, तिसरी कापड, आणि या तिन्हींतून जी जागा उघडी राहते तिच्यासाठी मलम. या क्रमाने गेले तरच मलम पुरेसे लावता येते, आणि पुरेसे लावले तरच ते गुण देते.

आपल्या शेतांत आणि मिठागरांत राबणाऱ्या माणसांना हा क्रम कोणी शिकविला नव्हता. तरी डोक्याला मुंडासे, मानेवर फडके, स्त्रियांच्या डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, भरदुपारी झाडाखाली भाकरी आणि कामाला आरंभ उजाडताच, हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. अर्धे कपडे घालून मध्यान्ही धावण्याची चाल आपण शाळांनी पाडली. कापड निवडताना घट्ट विणीचे आणि शक्यतो गडद रंगाचे घ्यावे. विरळ विणीचा पांढरा सदरा ओला झाला की त्यातून किरण अधिक जातात.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. तेथे युरोपातून जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांची संख्या मोठी आणि ऊन प्रखर. त्यामुळे कातडीच्या कर्करोगाचे प्रमाण जगात अत्यंत वरचे. १९८१ साली तेथील व्हिक्टोरिया राज्यात एक मोहीम सुरू झाली. चित्रातला एक समुद्रपक्षी नाचत मुलांना सांगे: सदरा चढवा, मलम थापा, टोपी घाला. पुढे त्यात सावली शोधा आणि काळा चष्मा लावा या दोन सूचनांची भर पडली. तेथील अनेक प्राथमिक शाळांत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ असा नियमच आहे. मलमाचा खरोखर उपयोग होतो का, याचीही परीक्षा त्याच देशात झाली. क्वीन्सलंड प्रांतातील नॅम्बोर या गावी १९९२ साली १६०० हून अधिक रहिवाशांचे गट पाडले. काहींना चेहऱ्यावर व हातांवर रोज मलम लावावयास दिले, तर काहींना आपल्या नेहमीच्या सवयीने वागण्यास सांगितले. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांत कातडीच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. पुढे दहा वर्षे मागोवा घेतला तेव्हा मेलॅनोमा या अधिक भयंकर कर्करोगाचे रुग्णही त्या गटात निम्मेच निघाले. आणि ते मलम होते केवळ सुमारे १६ आकड्याचे! मोठ्या आकड्याने जे साधत नाही ते नियमाने साधते, असा याचा अर्थ आहे.

ज्यांच्या शरीरात मेलॅनिन जन्मतःच अत्यल्प असते अशी माणसे आपल्यांतही आहेत. त्यांची कातडी, केस आणि पापण्या पांढुरक्या असतात, आणि प्रकाशात डोळे दिपतात. याला अल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे, संसर्गही नव्हे, आणि कोणाच्या पापाचे फळ तर नव्हेच. त्यांच्यासाठी ऊनरोधक मलम ही आयुष्याची गरज आहे. टांझानियात किलिमांजारो पर्वताच्या पायथ्याशी मोशी येथे अशा लोकांसाठी मुद्दाम मलम तयार केले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ जून हा दिवस त्यांच्याविषयीच्या जाणिवेसाठी नेमलेला आहे. असे मूल वर्गात असेल तर त्याला खिडकीच्या झोतापासून दूर आणि फळ्याजवळ बसवावे, रांगेत सावलीच्या बाजूस उभे करावे, आणि वर्गात टोपी घालण्याची मुभा द्यावी.

सावळ्या मुलांनी मात्र हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. थोडे ऊन सर्वांनाच हवे. ‘ड’ जीवनसत्त्व त्यातूनच बनते, आणि गडद कातडीला त्यासाठी अधिक वेळ लागतो. पण डोळ्यांना मेलॅनिनची छत्री पुरत नाही. अतिनील किरणांनी मोतीबिंदूला हातभार लागतो, म्हणून काठाची टोपी सर्वांनीच वापरावी.

एवढे करूनही कोणी भाजलेच, तर तत्काळ सावलीत न्यावे, भाजलेल्या जागी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, भरपूर पाणी पाजावे. बर्फ चोळू नये. तूप, टूथपेस्ट यांसारखे काही थापू नये. फोड फोडू नयेत. फोड पुष्कळ असतील, ताप किंवा उलट्या असतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

आता त्या मुलाचे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. आम्ही दोघांनी त्याच्या घरी जाऊन वरचा सारा हिशेब कागदावर मांडला. त्याच्या आजोबांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “मास्तर, हे आधी का नाही सांगितलेत?” मी गप्प राहिलो. शाळेने लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी साडेसातला घेण्याचे ठरविले, मैदानाच्या कडेस मांडव घातला, आणि ज्याला हवे त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घालून धावावे, असा निर्णय झाला. या वर्षीच्या शर्यतीत तो मुलगा लांब बाह्यांचा निळा सदरा घालून, नाकावर पांढरा लेप लावून धावला. काही मुले त्या लेपाला हसली, पण त्याच्या बरोबरीने धावणारी हसली नाहीत. त्याचा चौथा क्रमांक आला. शर्यत संपल्यावर तो माझ्यापाशी आला तेव्हा मी प्रथम त्याची मान पाहिली. ती घामाने भिजलेली होती, तांबडी नव्हती.